कर्करोगाच्या यंत्रांची परीक्षा बार्शीत घ्या

भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं तिच्या कक्षेत होती. तोवर अशी नोंदणी म्हणजे मुंबई, बंगळूर, मद्रासचं काम. खेड्यात एखादी बाई गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं गेली तर ‘अंगावरून फार जायचं, त्यातच गेली’ एवढीच नोंद, तीही घरच्यांच्या तोंडी. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयातल्या डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण दारात येण्याची वाट पाहिली नाही. कार्यकर्ते गावोगाव गेले, बैठका घेतल्या, कोणती लक्षणं दिसली तर दवाखाना गाठायचा ते सांगितलं आणि संशय आला तर त्या बाईला तपासणीला यायला लावलं. काही वर्षांत या भागातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं निदान आधीच्या टप्प्यावर होऊ लागलं, रुग्ण जास्त जगू लागले. नव्वदच्या दशकात हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. या सगळ्यात नवं यंत्र एकही नव्हतं.

आता उलट आहे. विज्ञानाची बातमी आली की तीत चिप, नॅनो आणि कर्करोग यांपैकी दोन शब्द तरी असतातच. सेमीकंडक्टर मिशनसाठी केंद्रानं डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटी मंजूर केले, धोलेऱ्याच्या चिप कारखान्याचा आकडा ९१ हजार कोटींचा आहे, आणि इकडे सोलापुरात कुठल्याही सत्कार-समारंभात कुणीतरी माइक हातात घेऊन विचारतंच, ‘हे आपल्याकडे का नाही?’ उत्तर सोपं आहे. चिप बनवायला अतिशुद्ध पाणी लागतं, रोज, अखंड आणि भरपूर. ज्या शहरात उजनी काठोकाठ भरलेली असतानाही नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्या शहरानं हा हट्ट धरू नये.

सोलापूरनं दुसरंच काही मागावं, असं माझं म्हणणं आहे. कर्करोगासाठी देशात जे नवं उपकरण, नवी चाचणी तयार होईल, ती खऱ्या गावातल्या खऱ्या माणसांवर वापरून मृत्यू कमी होतात की नाही हे तपासणारं केंद्र मागावं. आणि सरकारी पैशासाठीच्या ज्या अर्जात ‘कर्करोग’ हा शब्द असेल, त्यात अशा तपासणीची तरतूद नसेल तर तो अर्ज परत पाठवावा.

हे लिहिणारा माणूस भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे यंत्रांशी माझं वैर नाही हे आधीच सांगून टाकतो. पदार्थविज्ञान आणि इलेक्ट्रॉनिक्सनं कर्करोगाच्या उपचारात खरंच कमाल केलेली आहे. मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमा या जहाल गाठीचंच बघा. डोकं भादरून त्यावर सिरॅमिकच्या चकत्यांच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि त्यांतून २०० किलोहर्ट्झचं, दिशा बदलत राहणारं विद्युतक्षेत्र सोडायचं. पेशी दुभंगताना तिच्या आतले विद्युतभारित रेणू एका शिस्तीत रांगेला लागावे लागतात. हे क्षेत्र ती रांग मोडतं. सिरॅमिकही साधं चालत नाही. त्याचा विद्युत-अपार्यता स्थिरांक, म्हणजे विद्युतभार साठवून धरायची क्षमता, फार मोठा लागतो, नाहीतर क्षेत्र कवटीच्या आत पोचतच नाही. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनं २०११ मध्ये, गाठ पुन्हा उद्भवलेल्या रुग्णांसाठी याला मान्यता दिली, २०१५ मध्ये नव्या रुग्णांसाठी, आणि २०२४ मध्ये फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी. मेंदूच्या गाठीवरच्या मोठ्या चाचणीत नुसत्या औषधावर रुग्ण मध्यकानं (निम्मे याहून कमी, निम्मे जास्त) १६ महिने जगले, औषधाला या क्षेत्राची जोड दिली तेव्हा २०.९ महिने. जवळजवळ पाच महिने जास्त. ज्याच्या घरात असा रुग्ण आहे त्याला विचारा, पाच महिने म्हणजे काय ते. पण अमेरिकेत या उपकरणाची छापील किंमत महिन्याला सुमारे २१ हजार डॉलर. भौतिकशास्त्र पास झालं, आणि आपल्या जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक माणसासाठी ते नसल्यातच जमा.

किंमत हा एक अडसर. दुसरा त्याहून फसवा आहे, कारण तो दिसत नाही. २००७ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या गटानं एक चिप प्रसिद्ध केली. सिलिकॉनच्या तुकड्यावर ७८ हजार सूक्ष्म खांब कोरलेले, प्रत्येकावर गाठीच्या पेशीला धरून ठेवणारी प्रतिपिंडं लावलेली. त्या खांबांच्या जंगलातून रक्त सावकाश सोडलं की अब्जावधी रक्तपेशी निघून जातात आणि रक्तात भटकणारी गाठीची पेशी खांबाला चिकटून राहते. अब्जात एखादी अशी पेशी वेचून काढणारं हे कोरीवकाम बघून माझ्यासारख्याचे डोळे विस्फारले. अशा पेशी मोजणारी दुसरी एक पद्धत तर २००४ पासूनच अमेरिकेत मान्यताप्राप्त होती. मग डॉक्टरांनी स्वाभाविक प्रश्न विचारला: स्तनाचा कर्करोग पसरलेल्या रुग्णाच्या रक्तात केमोथेरपीच्या पहिल्या फेरीनंतरही या पेशी कमी झाल्या नाहीत, तर लगेच औषध बदललं तर ती जास्त जगेल का? अमेरिकेत रीतसर चाचणी झाली, २०१४ मध्ये निकाल आला. नाही. ज्यांच्या रक्तात पेशी जास्त त्या रुग्ण लवकर दगावतात, हे मोजमाप बरोबर निघालं. पण औषध लवकर बदलून आयुष्य वाढलं नाही.

इथे मापात खोट नव्हती. फक्त त्या मापाचा रुग्णाला उपयोग झाला नाही, आणि हे समजायला आणखी एक चाचणी, आणखी काही वर्षं आणि आणखी पैसा लागला. आपल्याकडे मापाच्या बातमीवरच पेढे वाटले जातात.

‘एका थेंबात कर्करोगाचं निदान’ या मथळ्याचं तर वेगळंच गणित आहे, आणि ते आठवीच्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे. समजा, एक लाख धडधाकट माणसं तपासली. त्यांतल्या १०० जणांना खरोखर कर्करोग आहे. चाचणी उत्तम आहे: असलेल्यांतले ९० टक्के पकडते आणि नसलेल्यांत फक्त १ टक्का वेळा चुकते. म्हणजे ९० जण बरोबर सापडले. पण उरलेल्या ९९,९०० निरोगी माणसांचा १ टक्का म्हणजे ९९९ माणसं, ज्यांना काहीही झालेलं नाही आणि ज्यांच्या हातात ‘पॉझिटिव्ह’ असा कागद आहे. बारा कागदांतले अकरा खोटे. आता हे अकरा जण कुठे जाणार? सोलापुरातला माणूस पुण्याला, नाहीतर मुंबईला परळला. सीटी, बायोप्सी, लॉजवर राहणं, सोबतच्या माणसाचा खाडा, आणि शेवटी ‘काही नाही, घरी जा’. ९९ टक्के अचूक हे शब्द जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतात. हा हिशेब कुठेच नसतो. अमेरिकेतल्या थेरानोस कंपनीचा तो थेंबच खोटा होता, तिची संस्थापक २०२२ मध्ये दोषी ठरली. पण थेंब खरा असला तरी हा हिशेब सुटत नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. कोल्हापूर-सोलापूरकडच्या विद्यापीठांत थिन फिल्मची, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ पापुद्र्यांवरच्या कामाची, मोठी परंपरा आहे आणि तिचा मला अभिमान आहे. कमी पैशात खरं विज्ञान कसं करावं याचा तो धडाच आहे. ज्यानं कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी सांगतो. काचेची स्लाइड क्रोमिक अ‍ॅसिडमध्ये उकळायची, साबणानं आणि मग डिस्टिल्ड पाण्यानं धुवायची, सुकवायची. बीकरमध्ये कॅडमियमचा क्षार, त्यात अमोनिया, मग थायोयुरिया. स्लाइड बीकरला तिरकी टेकवायची आणि बीकर ७०-८० अंशांच्या बाथमध्ये ठेवायचा. आधी नितळ असलेलं द्रावण पिवळं व्हायला लागतं आणि तासाभरात काचेवर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा पापुद्रा बसतो, केसाच्या जाडीच्या शेकडो पट पातळ. पंखा जोरात असला, कुणी टेबलाला धक्का दिला, की पापुद्रा डागाळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ज्या कॉलेजात एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) नाही तिथला विद्यार्थी त्या स्लाइड डबीत कापूस घालून ठेवतो आणि रात्रीची एसटी धरून दुसऱ्या विद्यापीठात नंबर लावतो. वायू ओळखणारे सेन्सर, सौर घट, सुपरकपॅसिटर यांवरचं कितीतरी काम या मार्गानं झालेलं आहे.

गेल्या काही वर्षांत या प्रबंधांना एक शेपूट फुटलं आहे. शेवटचं प्रकरण: ‘कर्करोगविरोधी क्रिया’. केलेल्या नॅनोकणांची पूड बाहेरच्या लॅबला पाठवायची. तिथे एमसीएफ-७ या पेशींवर ती टाकतात. ही पेशींची जात १९७० साली मिशिगनमधल्या एका रुग्णाच्या शरीरातून घेतलेली, तेव्हापासून जगभर बाटल्यांत वाढते आहे. मग एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जांभळं कमी दिसलं म्हणजे पेशी मेल्या. आलेख येतो, प्रकरण पूर्ण होतं, स्थानिक पेपरात ‘सोलापूरच्या संशोधकाला कर्करोगावर उपाय सापडला’ असा चौकोन येतो. आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी मामा त्या विभागात फोन करून विचारतो, ‘सर, हे औषध कुठं मिळंल?’

त्या मामाला काय सांगायचं? प्लेटमध्ये पेशी मारणं अवघड नाही; फिनेलनंही मरतील. अवघड आहे ते कण रक्तातून गाठीपर्यंत नेणं. २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटानं आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. शिरेत सोडलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचलेल्यांचं प्रमाण मध्यकानं ०.७ टक्के. शंभरातला एकसुद्धा नाही; बाकीचे मुख्यतः यकृत आणि प्लीहेत अडकतात. नॅनो-औषधं खरी नाहीत असं नाही. डॉक्सिल १९९५ पासून आणि अब्राक्सेन २००५ पासून वापरात आहेत. पण त्यांच्यामागे जनावरांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्यांची मोठी उतरंड आहे. आमच्या शेवटच्या प्रकरणामागे एक बाहेरून आलेला पीडीएफ आहे.

दोष विद्यार्थ्याचा नाही. ‘उपयुक्तता काय?’ हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, आणि तिथे कर्करोग लिहिला की परीक्षक मान डोलावतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीनं २०२२ मध्ये काढली. तरी नोकरीच्या मुलाखतीत निबंधच मोजतात.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेऊन ठेवतो, कारण तो रास्त आहे. मूलभूत संशोधनाला ‘उपयोग दाखव’ म्हणून जुंपलं तर विज्ञान मरतं. पूर्ण मान्य. पापुद्र्यात इलेक्ट्रॉन कसा वाहतो, एवढ्याच प्रश्नासाठी पैसा द्यावा आणि हात आखडता घेऊ नये. माझी अट फक्त त्यांच्यासाठी आहे जे स्वतःहून कर्करोगाचं नाव घेतात. थिन फिल्मचा प्रबंध थिन फिल्मचा म्हणून लिहा, त्यात कमीपणा काय आहे? नाव रुग्णाचं घ्यायचं, पैसा त्या नावावर आणायचा आणि रुग्णाच्या दिशेनं एक पाऊलही टाकायचं नाही, याला मात्र आता हिशेब विचारायला हवा.

सोलापूरकराला हे वेगळं समजवायला लागू नये. चादरीचा नमुना हातभर विणून व्यापाऱ्याला दाखवणं निराळं आणि तशाच हजार चादरी, रंग न जाता, आटल्याशिवाय, ठरल्या तारखेला उतरवणं निराळं. पहिल्याला कारागीर लागतो, दुसऱ्याला अख्खं गाव. कर्करोगाच्या उपकरणांच्या बाबतीत नमुने विणणारे आपल्याकडे पुष्कळ झाले आहेत.

आणि ते अख्खं गाव आपल्याकडे एकदा उभं राहिलेलं आहे. १९९९ ते २००३ या काळात शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना ५२ गावसमूहांत विभागून एक प्रचंड चाचणी उभारली गेली. काम बार्शीच्या रुग्णालयाचं, सोबत मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था. गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकर पकडायचे तीन मार्ग शेजारी शेजारी ठेवले: हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची डीएनए चाचणी, पॅप स्मिअर (पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), आणि व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा. २००९ मध्ये निकाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगानं दगावल्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेली एक तपासणी, आणि मृत्यू जवळजवळ निम्मे. त्याहून बोलका आकडा असा की ज्यांची एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आली, त्यांच्यात पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगानं एकही मृत्यू झाला नाही. पॅप स्मिअर आणि व्हिनेगर यांच्या एका फेरीनं मृत्यूंत ठाम म्हणावी अशी घट दिसली नाही.

जगातल्या तपासणीच्या धोरणाला या निकालानं वळण दिलं. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून एचपीव्ही डीएनए चाचणीलाच पहिली पसंती देते. आणि आपल्याकडे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या. पुरावा आमच्या मातीत पिकला, सुगी दुसऱ्यांनी केली.

असं का झालं, याच्या उत्तरात थोडं इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि बरंचसं नाही.

आधी इलेक्ट्रॉनिक्स. उस्मानाबादला वापरलेली एचपीव्ही चाचणी परदेशी होती, महाग होती, तिला मोठी प्रयोगशाळा लागे. आता चित्र बदललं आहे. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे यंत्र क्षयरोगासाठी देशभर तालुक्यांपर्यंत गेलेलं आहे. त्याची करामत आकारात आहे. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) करायची म्हणजे नमुना ९५ अंशांच्या आसपास तापवायचा, मग साठीपर्यंत निववायचा, पुन्हा तापवायचा, असं चाळीसेक वेळा. दर फेरीला डीएनए दुप्पट. मोठ्या यंत्रात धातूचा जाड ठोकळा तापतो-निवतो, त्याला वेळही लागतो आणि वीजही. इथे थेंबाहून लहान नमुना एका छोट्या चिपवर असतो. वस्तुमानच इतकं कमी की ती क्षणात तापते, क्षणात निवते. बॅटरीवर भागतं, एसी खोली लागत नाही आणि तासाभरात उत्तर मिळतं. मे महिन्याच्या उकाड्यात, लाइट गेलेली असताना, प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू शकेल अशी ही वस्तू आहे. याच यंत्रावर चालणारी एचपीव्ही चाचणी आणि आणखी एक देशी चाचणी २०२५ मध्ये एम्ससह देशातल्या प्रयोगशाळांत पडताळून पाहण्यात आली. मायक्रोफॅब्रिकेशननं, म्हणजे अशा सूक्ष्म कोरीवकामानं, काय द्यावं, तर हे.

आणखी एक गोष्ट. या चाचणीसाठी बाई स्वतःचा नमुना स्वतः घेऊ शकते. तपासणीच्या टेबलावर पडायची लाज, पुरुष डॉक्टर, बाहेर बसलेला नवरा, हे सगळं टळतं. व्हिनेगरच्या तपासणीत ते टळत नाही.

आता ‘बरंचसं’. सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर आहे. विडी कामगार आणि इतर असंघटित कामगारांच्या त्या वसाहतीतली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या ताब्यात आली. त्याआधीचं गोदूताई परुळेकर घरकुल तिथेच. तपासणी मोहिमेला याहून सोयीची जागा नाही: एका ठिकाणी हजारो बायका, बहुतेकींचं काम घरात बसून. समजा, १० हजार जणींनी नमुने दिले. उस्मानाबादच्या चाचणीत शंभरात दहा जणी पॉझिटिव्ह आल्या होत्या; तोच हिशेब धरला तर १ हजार जणींना पुन्हा बोलवावं लागेल. यांतल्या बहुतेकींना कर्करोग नसतो, पुढे होऊ शकणारा बदल असतो किंवा तोही नसतो. त्यांना बघायला कोण? गर्भाशयमुख मोठं करून दाखवणारा कोल्पोस्कोप कुठे आहे? बदल दिसला तर तिथल्या तिथे ऊतक जाळून टाकणारं थर्मल अ‍ॅब्लेशनचं उपकरण, ज्याची टोपी १०० अंशांना वीस-तीस सेकंद टेकवली की काम होतं, ते कुणाच्या ताब्यात? आणि आशा ताई दारात जाऊन ‘अक्का, सिव्हिलला येतीस का, रिपोर्ट जरा वेगळा आलाय’ म्हणाली तर आतून काय ऐकू येईल तेही मला माहीत आहे. ‘येते की. पण आजच्या हजार विड्यांचं काय? तू वळतीस?’

या प्रश्नाला कुठल्याच चिपवर उत्तर नाही. त्या दिवसाची मजुरी भरून देणं, तेलुगू बोलणारी नर्स असणं, एकाच फेरीत तपासणी आणि उपचार उरकणं, रिपोर्टचा कागद तिच्या हातात देताना सासूसमोर न देणं, यांवर मोहीम तरते नाहीतर बुडते. आणि यातलं काय केलं तर किती जणी परत येतात, हेही संशोधनच आहे. त्याला नॅनो म्हणत नाहीत म्हणून कुणी पैसा देत नाही.

म्हणून केंद्र. जिल्ह्यात त्याचे सुटे भाग सगळे पडून आहेत. बार्शीला नोंदणी आहे, जिच्यामुळे कुणाला कर्करोग झाला आणि कोण दगावलं हे वर्षानुवर्षं ताडून बघता येतं. ही गोष्ट विकत मिळत नाही, ती दशकं घालून कमवावी लागते. सोलापूरला १९६३ पासूनचं वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि सर्वोपचार रुग्णालय आहे. अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात पदार्थविज्ञान आहे, वालचंदसारखी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. चिप कोरायला हवीच असेल तर आयआयटी मुंबईची नॅनोफॅब्रिकेशन सुविधा बाहेरच्या संशोधकांना केंद्र सरकारच्या योजनेतून २००८ पासून खुली आहे. त्यासाठी सोलापुरात क्लीनरूम (धूळमुक्त प्रयोगशाळा) बांधून तिच्या एसीचं बिल भरत बसायची गरज नाही. आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी दुसरं शिकावं: धुळीत, उकाड्यात, व्होल्टेजच्या चढउतारात उपकरण किती महिने टिकतं, कुठला भाग आधी जातो, त्याचं कॅलिब्रेशन कधी ढळतं. या कामाला शोधनिबंधाइतकंच श्रेय मिळावं. सरकारी दवाखान्यांच्या कोपऱ्यात कव्हर घालून ठेवलेली यंत्रं कुणी पाहिली नाहीत? बहुतेक वेळा त्यांचं विज्ञान चुकलेलं नसतं, एक पार्ट आलेला नसतो.

यावरचा दुसरा आक्षेप पहिल्यापेक्षा टोकदार आहे. ‘म्हणजे आमच्या गरीब बायकांवर प्रयोग करणार?’ हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. उस्मानाबादच्या चाचणीवरही टीका झाली होती: एका गटाला तपासणीच द्यायची नाही आणि त्यांच्यात किती मरतात ते मोजायचं, हे नीतीला धरून आहे का? त्या काळी नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नव्हतीच, हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरं आहे, पण माझं त्यानं समाधान होत नाही. खम्मम आणि वडोदऱ्यात एचपीव्ही लशीचा प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला, मुलींच्या पालकांच्या संमतीऐवजी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांच्या सह्या घेतल्याचं बाहेर आलं आणि २०१३ मध्ये संसदीय समितीनं कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती. कारभार वाईट होता. त्याची किंमत लशीनं पुढे कितीतरी वर्षं मोजली. तेव्हा लोकांचा अविश्वास अडाणीपणातून येतो असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तो कमावलेला अविश्वास आहे.

त्यामुळे केंद्राला दोन अटी हव्यात आणि त्या करारात लिहिलेल्या हव्यात, भाषणात नकोत. तुलनेच्या गटालाही आज सिद्ध झालेली सर्वांत चांगली तपासणी मिळाली पाहिजे, म्हणजे नव्या चाचणीची स्पर्धा एचपीव्ही डीएनएशी होईल, ‘काहीच नाही’शी नाही. आणि जी चाचणी ज्या तालुक्यात सिद्ध होईल, ती त्या तालुक्यात पुढे फुकट मिळाली पाहिजे; बनवणाऱ्या कंपनीनं परवडत नाही म्हटलं तर तिनं दुसरा तालुका बघावा. शंभर कोटींच्या यंत्राला हार घालायला येणाऱ्यांना या अटी रुक्ष वाटतील. वाटू देत.

पैशाचं म्हणाल तर यंत्रं घेण्यापेक्षा हे स्वस्त आहे. क्षयरोगासाठीची ट्रूनॅट यंत्रं आधीच तालुक्यात आहेत. वेगळी लागते ती एचपीव्हीची चिप, नमुन्याची कुपी आणि पॉझिटिव्ह आलेल्या बाईपाठी जाणारं माणूस. पहिल्या दोन गोष्टींचं दरकरारपत्रक निघू शकतं. तिसऱ्यासाठी आशा आणि एएनएम (आरोग्यसेविका) यांच्या आधीच वाकलेल्या खांद्यांवर आणखी एक रजिस्टर न टाकता वेगळं पद भरावं लागेल, कायम पगारावर, कंत्राटावर नव्हे, कारण या कर्करोगाचा हिशेब आर्थिक वर्षात बसत नाही. आणि हे सगळं मंजूर होईपर्यंत थांबायचं काही कारण नाही. उस्मानाबादला व्हिनेगरची एक फेरी कमी पडली, पण मुंबईत टाटा स्मारकनं दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या, तेव्हा या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पाच टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, कापूस, टॉर्च आणि ठरल्या तारखेला पुन्हा येणारी बाई. यातलं पहिलं तर आमच्या कॉलेजच्या लॅबमध्येही कपाटभर आहे.